सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ आलं, म्हणजे निदान पक्कं का?

अंधेरी असो, बोरिवली की मुलुंड, सोनोग्राफी सेंटरमधला अनुभव सारखाच. बाटलीभर पाणी प्या, लघवी दाबून धरा, नंबर येईपर्यंत बसा. मग रिपोर्ट हातात येतो: ‘दोन्ही अंडाशयं पॉलिसिस्टिक’. रिक्षात बसेपर्यंत मुलीच्या आईने धसका घेतलेला असतो, पोरीला गाठी झाल्या!

गाठी नसतात त्या. पडद्यावर दिसणारे काळे ठिपके म्हणजे फॉलिकल, स्त्रीबीज असलेल्या, पाण्याने भरलेल्या 2 ते 9 मिलिमीटरच्या पिशव्या. वयात आलेल्या प्रत्येकीच्या अंडाशयात त्या असतात. पीसीओएसमध्ये त्यांची वाढ अर्ध्यावर अडते, म्हणून त्या जास्त साठतात. पण किती म्हणजे जास्त?

इथे मशीनचा संबंध येतो. 2003 मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांत हा आकडा एका अंडाशयात 12 होता. पुढे प्रोब सुधारले, बारीक ठिपकेही दिसायला लागले आणि धडधाकट तरुणीही 12 ची रेषा ओलांडू लागल्या. म्हणून 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आकडा 20 वर नेला. तोही योनीमार्गे, चांगल्या प्रोबने केलेल्या तपासणीसाठी. आपल्याकडे अविवाहित मुलींची सोनोग्राफी सहसा पोटावरून होते. त्यात चित्र तितकं स्पष्ट येत नाही, त्यामुळे ठिपके मोजण्यापेक्षा अंडाशयाचं आकारमान बघतात: 10 मिली किंवा त्याहून जास्त आहे का.

निकषाने किती फरक पडतो, ते मुंबईतच दिसलंय. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने शहरातल्या 15 ते 24 वयाच्या मुलींचा अभ्यास केला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. रॉटरडॅम निकषाने पीसीओएसचं प्रमाण निघालं 22.5 टक्के; दुसऱ्या एका निकषाने 10.7 टक्के. मुली त्याच! रॉटरडॅमला तीनपैकी कुठल्याही दोन गोष्टी पुरतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन्सचा अतिरेक (चेहऱ्यावर केस वगैरे) आणि सोनोग्राफीतलं चित्र. दुसऱ्या निकषात हार्मोन्सचा अतिरेक असावाच लागतो. म्हणजे फक्त पाळी आणि सोनोग्राफीवर ‘पीसीओएस’ ठरलेल्या मुली तिथे गळाल्या. आणि त्याच निम्म्याहून जास्त होत्या.

2023 च्या सूचना आणखी स्पष्ट बोलतात. पाळी सुरू झाल्यापासून 8 वर्षं पीसीओएसच्या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नका, कारण त्या वयात ठिपके भरपूर असणं स्वाभाविकच. तेराव्या वर्षी पाळी आली असेल, तर एकविसाव्यापर्यंत. मोठ्या बायकांसाठी एएमएच ही रक्ततपासणी पर्याय म्हणून चालते, पण दोन्ही तपासण्या एकदम करायची गरज नाही. पाळीही अनियमित आणि हार्मोन्सही वाढलेले असतील, तर निदानाला सोनोग्राफी लागतच नाही. मात्र थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन आधी तपासून घ्यायला हवं. पाळी त्यांच्यामुळेही चुकते.

रिपोर्ट हातात आला की शेवटच्या ओळीआधी आकडे शोधा: दोन्ही अंडाशयांचं आकारमान किती, तपासणी पोटावरून झाली की आतून. नुसतंच ‘पीसीओडी’ लिहिलं असेल, तर काउंटरवरून हलू नका, आकडे मागून घ्या.