हे मशीन कोणाचं आहे?

कुठल्याही आयटी कंपनीच्या क्लाउड खात्यात जा आणि चालू असलेल्या व्हर्च्युअल मशिन्सची यादी उघडा. 'टेस्ट-२', 'न्यू-टेस्ट-फायनल', 'डेमो-डू-नॉट-डिलीट' असली नावं हमखास सापडतील. आता जरा मोठ्याने विचारा, "हे कोणाचं आहे हो?" सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसतात. मग कोणीतरी पुटपुटतो, "मागच्या प्रोजेक्टवाल्यांचं असेल. राहू दे ना, कशाला हात लावतोस?"

माझं भांडण या "राहू दे"शी आहे. पण त्याहून जास्त भांडण आहे ते असं म्हणायला भाग पाडणाऱ्या व्यवस्थेशी.

महिन्याचं बिल फुगलं की वरून मेल येते, "सर्वांनी क्लाउडचा वापर जबाबदारीने करावा." सर्वांनी म्हणजे कोणीच नाही, हे पाठवणाऱ्यालाही माहीत असतं. बारभाईंची शेती ती! मेल पाठवली, कर्तव्य संपलं. यादी पुढच्या महिन्यात आणखी चार ओळींनी लांब.

पूर्वी असं का होत नसे? कारण नवा सर्व्हर मागायचा तर फॉर्म, सही, खरेदी, रॅकमध्ये जागा, असे सतरा सोपस्कार. वैताग होता, पण त्या वैतागात एक गोष्ट आपोआप व्हायची: मशीन मागणाऱ्याचं नाव कुठेतरी लिहिलं जायचं. ऑगस्ट २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ईसी२ची बीटा आवृत्ती आणली, तासाला १० सेंट या दराने. फॉर्म गेला, सही गेली, फार छान झालं. पण त्याबरोबर मालकाचं नावही गेलं आणि त्याच्या जागी आपण काहीच आणलं नाही. मशीन उभं करायला दोन मिनिटं लागतात. ते कोणाचं हे शोधायला दोन महिने!

"अहो, बंद करून ठेवलंय, मग कसला खर्च?" हा आणखी एक लाडका गैरसमज. एडब्ल्यूएसवर मशीन स्टॉप केलं की त्याचं तासाचं भाडं थांबतं, पण त्याला जोडलेल्या ईबीएस डिस्कचं भाडं चालूच राहतं. मशीन कायमचं उडवलं तरी मागाहून जोडलेली डिस्क, तशी सेटिंग केली नसेल तर, मागे उरते. अझूरवर तर आणखी गंमत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतून शटडाउन केलं तर मशीन बंद दिसतं आणि मीटर चालू राहतं. 'डीअलोकेट' केल्याशिवाय तो थांबत नाही. १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर घेतं, मग तो वापरात असो वा नसो. म्हणजे एका विसरलेल्या पत्त्याचे वर्षाला सुमारे ४४ डॉलर. असे पन्नास पत्ते असतील तर हिशोब तुम्हीच करा.

आणि चाचणीची मशिन्स रात्रंदिवस कोणासाठी जागतात? आठवड्याचे तास १६८. रोज दहा तास, पाच दिवस काम धरलं तरी ५०. उरलेले ११८ तास, म्हणजे सत्तर टक्के वेळ, आपण रिकाम्या खोलीत एसी लावून ठेवतो.

पैसा एक वेळ सोडून द्या. कंपनीकडे आहे, जळू दे. पण मशीनच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम पॅच करणं ही क्लाउडवाल्याची नाही, तुमची जबाबदारी असते. ज्याला मालक नाही त्याला पॅच कोण करणार? डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जेमधलं ते भयंकर भोक उघड झालं. तेव्हा प्रत्येक टीमपुढचा पहिला प्रश्न "दुरुस्त कसं करायचं" हा नव्हता, "हे आपल्याकडे कुठे कुठे आहे" हा होता. आत शिरणारा चोर तुमच्या देखण्या, रोज निगराणी होणाऱ्या प्रॉडक्शन सर्व्हरवरच येईल असं थोडंच आहे? त्याला 'टेस्ट-२'सुद्धा चालतं.

मग कोणी डिलीट का करत नाही? सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घातलेली, चाकातली हवा गेलेली एक स्कूटर असते बघा. वर्षानुवर्षं जागा अडवते. पण ती हलवली आणि उद्या मालक उगवला तर? तेच इथे. चालू ठेवणाऱ्याला कोणी विचारत नाही. बंद करणाऱ्याच्या हातून एखादा रिपोर्ट थांबला, तर त्याची सगळ्यांसमोर हजेरी घेतली जाते. अशा ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव असलेला पोरगा हात आखडता घेतो, तो आळशी नाही, शहाणा आहे. त्याला बेशिस्त म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

यावर कंपन्या करतात काय? महागडं टूल विकत घेतात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! रंगीत आलेख सांगतो किती गेले. कोणामुळे गेले, ते टॅगच नसेल तर तो तरी कुठून सांगणार? "आम्ही टेराफॉर्म वापरतो" म्हणणाऱ्यांनाही नम्र निवेदन: कन्सोलमधून हाताने उभं केलेलं मशीन त्याच्या नोंदीत नसतंच.

मागणी साधी आहे. नाव आणि शेवटची तारीख, या दोन गोष्टींशिवाय मशीन सुरूच होऊ नये. हे मेल पाठवून नाही, नियम लावून. टॅग नसेल तर मशीन नाकारायची सोय एडब्ल्यूएसमध्ये आहे, अझूरमध्येही आहे. तारीख उलटली की मालकाला सूचना द्या. उत्तर नाही आलं तर आधी फक्त स्टॉप. आपोआप मिळालेला पब्लिक आयपी पुन्हा सुरू केल्यावर बदलतो, तात्पुरत्या डिस्कवरचा डेटा जातो, तेवढं बघून घ्या. दोन आठवडे कोणी ओरडलं नाही तर स्नॅपशॉट घेऊन डिलीट. स्नॅपशॉटलाही तारीख. माणूस कंपनी सोडून गेला तर लॅपटॉप परत घेता ना? तशीच त्याची मशिन्सही दुसऱ्याच्या नावावर करा.

"याने डेव्हलपरचा वेग कमी होईल" असं म्हणणारे असतातच. दोन रकाने भरायला वीस सेकंद लागतात हो. चहाच्या रांगेत याहून जास्त वेळ जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ही पद्धत पाळून कोणी मशीन बंद केलं आणि काही अडलं, तर जाब त्याला नाही, मुदत संपूनही गप्प बसलेल्या मालकाला विचारा. एवढा एक नियम ज्या मॅनेजरला लेखी द्यायचा नाही, त्याने पुढच्या महिन्यात ती "सर्वांनी"वाली मेल पाठवू नये.