योग्य तपासणी, योग्य वयात

बाळाची मान एका बाजूला कललेली दिसली की दोन सल्ले हमखास मिळतात. ‘तेल लावून मालिश करा, मोठेपणी होईल सरळ’ हा एक आणि ‘लगेच एमआरआय काढून टाका’ हा दुसरा. पहिल्यात मोलाचे महिने जातात. दुसऱ्यात पैसा जातो आणि अनेकदा बाळाला विनाकारण भूल द्यावी लागते.

जन्मतः मान वाकडी असण्याचे नेहमीचे कारण हाडांत नसते, मानेच्या बाजूच्या स्नायूत असते. हा स्नायू आखडतो. काही बाळांना दोन ते चार आठवड्यांचे असताना तिथे गाठ लागते. डॉक्टरांनी हाताने तपासल्यावर शंका राहिलीच, तर सोनोग्राफी बहुधा पुरते. तिच्यात ना क्ष-किरण, ना भूल. फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले व्यायाम पहिल्या काही महिन्यांत सुरू झाले, तर बहुतेक बाळे शस्त्रक्रियेविना बरी होतात.

मणक्यांचा दोष ही वेगळी गोष्ट. मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फील या फ्रेंच डॉक्टरांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या विकारात मानेचे मणके जन्मतःच जोडलेले असतात. मात्र तान्ह्या बाळाच्या मणक्यांचा बराच भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळे लवकर काढलेला ‘नॉर्मल’ एक्स-रे खोटा दिलासा देऊ शकतो. मान आखूड असेल, नीट वळत नसेल, तर वाढत्या वयात तो पुन्हा काढावा लागतो. दोष आढळल्यास मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि श्रवणचाचणीही हवी. पुढे कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला ही माहिती द्यायलाच हवी.

सरसकट तपासणीही उपयोगाची नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाच्या मानेचा ३ ते ५ वर्षांच्या वयात एक्स-रे काढण्याची शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये मागे घेतली. लक्षणे नसताना काढलेला एक्स-रे पुढचा धोका नीट सांगत नाही, हे त्यामागचे कारण.

काही वेळा मात्र थांबायचे नसते. पडल्यावर किंवा तापात मान अचानक वाकडी झाली, हातापायांतील जोर कमी झाला, चाल बिघडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी आधी बालरोगतज्ज्ञांचा हात बाळाच्या मानेवर फिरू द्यावा. यंत्राची पाळी त्यानंतरची. पालकांनीही ‘कोणती तपासणी?’ एवढेच न विचारता ‘ती आत्ताच का?’ हेही विचारावे.