औषध मध्येच का सुटते?

क्षयरोगावरील नेहमीच्या औषधोपचाराची मुदत सहा महिन्यांची आणि पाटोदा तालुक्यातील ऊसतोड कामगार गावाबाहेर काढतो तो हंगामही जवळजवळ तेवढाच. दसरा-दिवाळीनंतर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील वाड्या-तांडे ओस पडतात, बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात आणि ज्याचा उपचार नुकताच कोठे मार्गी लागला आहे, त्याची गोळी या वाटेवर सुटण्याचा धोका उभा राहतो. ती सुटली की कागदोपत्री 'स्थलांतर' हे कारण पडते आणि खाजगीत अडाणीपणा, बेफिकिरी असे शब्द ऐकू येतात.

ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. मुकादमाची उचल त्या जोडीवर घेतलेली असते. एकाचा खाडा पडला की भुर्दंड दोघांना. छातीच्या रोगाचे नाव टोळीत फुटले तर पुढील वर्षी उचल मिळेल काय, शेजारी कोणी कोपी घालू देईल काय, मुलीचे लग्न जमेल काय, अशा प्रश्नांनी रुग्ण आतून पोखरला जातो. मग लाज झाकण्यासाठी आजार झाकावा लागतो आणि आजार झाकण्यासाठी गोळी. दाराविना उभ्या असलेल्या कोपीत ती रोज कोणाच्या नजरेआड गिळायची? त्यातच रिफॅम्पिसिनमुळे लघवी तांबडी होते. हा केवळ औषधाचा रंग आहे, हे आधी कोणी सांगितलेले नसेल तर भीतीने हातातील गोळी खाली राहावी, यात नवल नाही.

भीतीइतकाच दिलासाही घातक ठरतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप उतरतो, भाकरी गोड लागू लागते. रोगाची आठवण नकोशी झालेले मन ती आठवण करून देणारी गोळीही नकोशी करते. मानसशास्त्र ज्याला भावनांचे नियमन म्हणते, त्याचाच हा एक प्रकार आहे. भीती दडपून टाकल्याने मनाला तात्पुरते स्वास्थ्य लाभते. शरीरातील जंतूंना मात्र औषधाला न जुमानण्याची संधी मिळते. आपल्याकडे मुकाट्याने सोसणाऱ्याचे कौतुक फार. (दवाखान्यांनाही असाच रुग्ण आवडतो!) परंतु मळमळ, कावीळ यांविषयी अवाक्षर न काढता गुपचूप औषध थांबवणारा रुग्णही याच सोशिकपणातून घडतो.

या प्रश्नाचा विचार आपल्या देशात फार पूर्वी सुरू झाला. घरी राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, हे मद्रासच्या संशोधनाने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिले. रुग्ण औषध खरोखर घेतो की नाही, हा प्रश्न त्याबरोबरच आला. त्यासाठी अवचित घरी जाऊन गोळ्या मोजण्यात आणि लघवी तपासण्यात आली. पुढे समक्ष गोळी देण्याची पद्धत रूढ झाली. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, २०२४ च्या अखेरीस ते १००० झाले. रुग्णाची नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे पाठवण्याचीही सोय आहे. हे सर्व स्वागतार्हच. पण मोजदाद झाली ती गोळ्यांची. रुग्णाच्या भीतीची चौकशी करण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही.

ते काम टोळ्या निघण्यापूर्वी, गावातच व्हावयास हवे. रुग्णाला जोडीदारासह बसवून तांबड्या लघवीपासून मुकादमाला काय सांगायचे इथपर्यंत मोकळेपणाने बोलावे. योग्य औषध नियमित सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होतो, एवढे एक वाक्य कोपीतील कित्येक रात्रींची झोप परत देऊ शकेल. त्याच तांड्यात पूर्ण बरा होऊन पुन्हा कोयता धरलेला कोणी असेल, तर त्याचा शब्द आमच्यासारख्यांच्या दहा लेखांहून अधिक वजनाचा ठरेल.

मात्र नुसत्या धीराच्या शब्दांवर हे भागणार नाही. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा कापला जाणार असेल, तर त्या माणसाची भीती हा मनाचा दुबळेपणा नसून रोकडा हिशेब आहे. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात स्वतंत्र कल्याण महामंडळ आहे. उपचाराच्या दिवसांची मजुरी त्याने भरून द्यावी आणि त्या दिवसांचा खाडा धरू नये, अशी अट कारखान्यांनी मुकादमांच्या करारात घालावी. टोळ्या निघण्यापूर्वी हे करून घेणे अवघड नाही.