शहाबादी फरशीतला समुद्र

ओट्यावर लिंबू पिळताना रसाचा थेंब सांडतो आणि पुसायचा राहून जातो. दुसऱ्या दिवशी त्या जागी पांढुरका ठिपका दिसतो. कितीही घासला तरी तो निघत नाही. घरातल्यांना वाटते, डाग पडला. प्रत्यक्षात तिथला दगडच थोडासा विरघळलेला असतो.

शहाबादी फरशी आणि काळा कडप्पा, दोन्ही मुळात चुनखडीच. एकीला कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचे नाव मिळाले, तर दुसऱ्याला आंध्र प्रदेशातील कडप्प्याचे.

चुनखडीचा मुख्य घटक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अंड्याचे कवच आणि समुद्रातले शिंपलेही त्याचेच. शुद्ध स्वरूपात त्याच्या १०० किलोत ४० किलो कॅल्शियम, १२ किलो कार्बन आणि ४८ किलो ऑक्सिजन असतो. जमिनीतला दगड मात्र इतका शुद्ध क्वचितच सापडतो. त्यात माती, वाळू, लोह यांची भेसळ असते आणि तिच्यामुळेच त्याला करडा, पिवळट किंवा काळा रंग येतो.

हा दगड तयार झाला तो बहुधा उथळ, उबदार समुद्रात. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते आणि खडकांतील कॅल्शियम विरघळवते. नद्या ते समुद्रात नेतात. तिथे प्रवाळ, शिंपले आणि असंख्य सूक्ष्म जीव त्यापासून आपली कवचे घडवतात. जीव मरतात, कवचे तळाशी साचतात. थरावर थर चढतात, दाबाने पाणी निघून जाते, कण एकमेकांना सांधले जातात आणि चिखलाचा दगड होतो. शंखशिंपले पृथ्वीवर येण्यापूर्वीही चुनखडी बनतच होती. कडप्प्याच्या खोऱ्यातील काही चुनखडीत सूक्ष्म जीवांनी रचलेले अतिप्राचीन थर आजही ओळखता येतात.

म्हणजे प्रत्येक फरशीत एके काळच्या हवेतला वायू कोंडलेला आहे. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला चुनखडी भाजली की तो सुटतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. हा चुना पाण्यात विरवून भिंतीला लावला, की तो हवेतून तोच वायू हळूहळू शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. जुन्या घरांच्या चुन्याच्या भिंती वर्षे सरतील तशा घट्ट होत गेल्या, त्याचे कारण हेच.

सिमेंटसाठीही हीच चुनखडी भाजावी लागते. सिमेंट उद्योगातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक वायू इंधनाच्या धुरातून नव्हे, तर खुद्द दगडातून येतो. सिमेंटही त्यातला काही भाग परत शोषते, पण अगदी सावकाश. समुद्राने लाखो वर्षे जपून ठेवलेली ठेव भट्टीत पाहता पाहता मोकळी होते.

तेव्हा घर दुरुस्त करताना जुनी शहाबादी उखडली, तर ती फेकण्याआधी विचार करावा. अंगणात, परसात, मोरीत ती आणखी एक पिढी सहज टिकते. फक्त तिच्यावर ॲसिड ओतू नये. आणि लिंबाचा थेंब सांडला, तर तो लगेच पुसावा.