वरकस जमीन : क्षेत्राचा हिशेब आणि खोलीचा विसर

कोकणातील जुन्या गावाचा जमीन-दप्तर चाळले, तर भातजमिनीच्या लहानलहान तुकड्यांच्या जोडीला 'वरकस' हा शब्द हमखास भेटतो. खाचरे पायथ्याशी, वरकस उतारावर, अशी ही सर्वसाधारण विभागणी. महसुलाच्या लेखी वरकस जमिनीला कधीच फारशी किंमत नव्हती. तिचा आकार इतका किरकोळ की आज तो वसूल करण्याचा खर्चही त्यातून निघू नये. तरीही याच उतारांवर पिढ्यान् पिढ्या नाचणी आणि वरी पिकली, येथल्याच पाल्या-गवताने भाताच्या रोपांसाठी राब भाजले गेले आणि 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने येथेच आंबा-काजूच्या बागा उभ्या केल्या. इतके देणाऱ्या या जमिनीवरची माती किती उरली आहे, हा प्रश्न मात्र कोणत्याही दप्तरात विचारला जात नाही.

ही माती कशी असते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. कारण तिच्याविषयीच्या बहुतेक चुकीच्या धोरणांचे मूळ तिच्या स्वभावाविषयीच्या अज्ञानात आहे. सपाट प्रदेशात खडक झिजून तयार होणारी माती जागच्या जागी साठत राहते. तीव्र उतारावर खडकाची झीज आणि मातीची धूप यांची शर्यत अखंड चालू असते, आणि धूप बहुधा पुढे असते. त्यामुळे थर पातळ राहतो. कोठे वीतभर, कोठे हातभर, तर कोठे नुसता मुरूम. त्यात दगडगोट्यांचे प्रमाण मोठे असते. पाणी अशा मातीत थांबत नाही, भराभर झिरपून जाते. कोकणात सरासरी अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत पडतो. इतके पाणी दर वर्षी मातीतून धुऊन निघाले, की चुना, पालाश यांसारखी द्रव्ये त्याबरोबर वाहून जातात, माती आम्लधर्मी होते आणि मागे उरलेली लोह व ॲल्युमिनियमची संयुगे स्फुरदाला असे बांधून ठेवतात की खत घालूनही ते पिकाला पुरेसे मिळत नाही. ज्या गावात जुलैमध्ये घराबाहेर पडणे कठीण, त्याच गावच्या उतारावर जानेवारीत ओलाव्याचा मागमूस नसतो, या विसंगतीचे रहस्य हेच आहे.

परंतु निचरा हा या मातीचा निव्वळ दोष मानणे अन्यायाचे ठरेल. आंब्याच्या मुळांशी पाणी तुंबून राहिले, तर झाड खुरटते. खडकाच्या फटींत खोल मुळे घालणाऱ्या झाडाला निचऱ्याची जमीनच मानवते. पृष्ठभागावरचे दगडगोटे शेतकऱ्याला नांगराच्या आड येणारे शत्रू वाटतात. प्रत्यक्षात पावसाच्या थेंबाचा पहिला मारा तेच झेलतात आणि खालची बारीक माती वाचवतात. उतारावर झिरपलेले पाणी खडकाला अडून तिरपे सरकते आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. खाचरातल्या भाताला पाऊस लांबला असता जी ओल मिळते, तिच्यात वरच्या वरकसाचा मोठा वाटा असतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर उतारावरच्या जमिनीचा मालक खालच्यांना दर वर्षी एक सेवा पुरवतो आणि तिची किंमत त्याला कोणीही देत नाही. जी सेवा विनामूल्य मिळते तिची निगा राखली जात नाही, हा बाजाराचा नेहमीचाच अनुभव आहे.

येथेच भांडवल आणि उत्पन्न यांतला भेद महत्त्वाचा ठरतो. कारखान्यातील यंत्र झिजते, म्हणून हिशेबनीस दर वर्षी घसारा धरतो. वीतभर माती तयार व्हायला शेकडो, प्रसंगी हजारो वर्षे लागतात, आणि उघड्या उतारावर तिचा काही भाग एका पावसाळ्यात निघून जातो. पण तिचा घसारा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. नाचणीचे पीक आले की ते उत्पन्नात मिळवले जाते. त्या पिकासाठी मोकळ्या केलेल्या उतारावरून नदीत गेलेली माती वजा होत नाही. (डोंगरात हिंडणारे लोक निसरड्या, सुट्या मुरमाच्या उतारालाही 'घसारा'च म्हणतात. हिशेबनिसांनी या दुसऱ्या अर्थाचीही दखल घ्यायला हरकत नाही.)

मातीची खोली मोजण्याची कल्पना नवी आहे, असेही नाही. इ.स. 1835 नंतर मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी महसुली मोजणी सुरू केली, तिची सूत्रे 1847 च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. त्या पद्धतीत देशावरच्या जमिनीची प्रतवारी प्रामुख्याने मातीचा पोत आणि खोली यांवर ठरत असे. पावणेदोन हात खोलीची उत्तम माती सोळा आण्यांची. खोली जसजशी घटेल, तसतसे आणेही घटत. शिवाय जमिनीचा उतार, वाहत्या पाण्याने धुपून जाण्याचा संभव असे 'दोष' नोंदवून प्रत आणखी उतरवली जाई. परक्या सरकारचा हेतू अर्थातच शेतसारा वसूल करण्याचा होता, मातीच्या प्रेमाचा नव्हता. तथापि सारा बुडू नये म्हणून का होईना, त्या सरकारच्या मोजणीदाराने शेतात खड्डा खणून हाताने खोली पाहिली. शेतसाऱ्याचे महत्त्व संपले आणि त्याबरोबर ही पाहणीही संपली. आज सातबाऱ्यावर क्षेत्र आहे, भोगवटादाराचे नाव आहे, आकार आहे, बोजा आहे आणि पिकेही आहेत. या सर्वांचा आधार असलेल्या थराची जाडी तेथे नाही.

2015 मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेने ही उणीव भरून निघेल, असे कोणाला वाटले असेल, तर त्याची निराशा होईल. त्या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाशापासून जस्त, बोरॉनपर्यंत बारा बाबी आहेत. खोली नाही, उतारही नाही. तपासणीसाठी साधारणपणे वरच्या पंधरा सेंटिमीटरचा नमुना घेतात. विदर्भातल्या खोल काळ्या रानात हा नमुना म्हणजे मोठ्या कोठारातली मूठ. वरकसावर कित्येकदा तो म्हणजे कोठारच! आजाऱ्याच्या रक्ताची बारकाईने तपासणी करावी आणि त्याचे वजन निम्म्यावर आले आहे, हे पाहूच नये, तसा हा प्रकार आहे.

याचे दुष्परिणाम केवळ पिकापुरते राहत नाहीत. घाटमाथ्यालगत, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव-जुन्नर भागातील आदिवासी गावांत 'पडकई' नावाची जुनी रीत होती. गावकरी आळीपाळीने एकमेकांच्या उतारावर राबत, दगडी बांध रचत आणि त्यामागे थोडी थोडी माती धरून खाचर घडवीत. हाताने रचलेल्या दगडी बांधातून जादा पाणी पाझरून जाते, आणि माणसाच्या बळाला मर्यादा असल्याने उताराची तोडमोडही बेताची होते. पुढे या कामात यंत्रे आली. यंत्राला मुरूम आणि माती यांत फरक कळत नाही. ते उतार कापते, सैल भराव टाकते आणि पाण्याच्या जुन्या वाटा बुजवते. 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा अशा सपाटीकरणाकडे अनेकांनी बोट दाखवले. केवळ त्यालाच दोषी धरणे बरोबर नाही. पावसाचा जोर विलक्षण होता आणि दरडी कोसळण्याची कारणे सहसा एकेकटी येत नाहीत. मात्र पातळ माती पाण्याने तुडुंब झाली आणि त्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही, की ती खडकावरून सरकते, हे तत्त्व निर्विवाद आहे. 2021 मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि 2023 मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी यांनी उताराच्या पायथ्याची वस्ती किती असुरक्षित असते, हे पुन्हा दाखवले. इर्शाळवाडी तर धोकादायक ठिकाणांच्या यादीतही नव्हती. ज्या उतारांवरच्या मातीची खोली आणि पाण्याच्या वाटा गावनिहाय नोंदल्याच गेल्या नाहीत, त्यांची यादी अपुरी राहिली तर नवल कसले?

यावर एक आक्षेप येईल आणि तो क्षुल्लक नाही. ज्याच्याकडे वरकसाखेरीज दुसरे काही नाही, त्याने माती भांडवल आहे म्हणून उपाशी राहावे काय? तसे कोणीही म्हणू नये. नाचणीऐवजी झाड लावावे, हा सल्ला देणे सोपे आहे. कलमी आंब्याचे बऱ्यापैकी उत्पन्न हाती यायला पाच-सात वर्षे लागतात आणि तोवर घर चालवायचे असते. 1990 च्या फळबाग योजनेचे यश नेमके यात होते, की तिने हा प्रतीक्षेचा काळ शेतकऱ्याच्या अंगावर टाकला नाही. लागवडीचा आणि पहिल्या वर्षांतल्या जोपासनेचा खर्च सरकारने सोसला. डोंगरउतारावरचा जमिनीचा वापर पैशाच्या आधाराने बदलता येतो, याचा यापेक्षा सबळ पुरावा नाही. तिची उणीव अशी, की तिने जगलेली झाडे मोजली. दोन झाडांमधले गवत राहिले की तणनाशकाने जळाले, याच्याशी अनुदानाचा संबंध राहिला नाही.

आता करायचे काय, तर फार काही अचाट नाही. राज्यात 2021 पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकांची नोंद करतात. त्याच नोंदीत वरकसापुरते दोन रकाने वाढवावेत : मातीची खोली आणि उतार. खोलीसाठी पहार आणि हातभर काठी पुरते. उतार नकाशांवरून काढता येतो. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरचे राष्ट्रीय मृद सर्वेक्षण कार्यालय यांच्याकडे या नोंदी पडताळण्याइतके ज्ञान निश्चित आहे. ठरावीक मर्यादेपलीकडच्या उतारावर यंत्राने कापणी आणि सपाटीकरण यांना अनुदान देणे थांबवावे, आणि दुष्काळी मुलखासाठी आखलेले पाणी अडवण्याचे चर तीन हजार मिलिमीटर पावसाच्या पातळ मातीत जसेच्या तसे खणू नयेत. उलट ज्या मालकाने पाच वर्षांनंतरही खोली टिकवून दाखवली, गवत राखले, झरा वाहता ठेवला, त्याला हेक्टरी ठरावीक रक्कम द्यावी.

अडचण येईल ती पैशापेक्षा सातबाऱ्यावरच्या नावांची. कोकणातल्या एकेका वरकस तुकड्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार असतात; निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत. जो गावात राहून माती राखतो, त्याच्या एकट्याच्या सहीने ही रक्कम मिळू शकेल काय, याचे उत्तर महसूल खात्याने आधी दिले पाहिजे.