मातीला पत्रिका मिळाली, दर्याला कधी?



आज भाताबद्दल नाही, दर्याबद्दल लिहितोय. कोणी म्हणेल, शेतकऱ्याला दर्याचं काय पडलंय? भाऊ, आपली खारजमीन आहे. भरतीचं पाणी खाडीतून खारबांधापर्यंत येतं. बांधापुढची तिवरं मेली की लाटेचा मार सरळ बांधावर. बांध फुटला की मीठ शेतात, आणि मग पुढची काही वर्षं भात विसरा. म्हणून खाडीच्या पाण्यात काय येतं, हे विचारायचा आपल्यालाही हक्क आहे.

आता मुद्द्यावर येतो. २०१५ पासून सरकार आपल्याला मृदा आरोग्य पत्रिका देतंय. मातीच्या १२ गोष्टी तपासतात आणि आकडा मराठीत हातात देतात. सामू किती, नत्र-स्फुरद-पालाश किती, क्षार किती. क्षाराचा आकडा ४ च्या वर गेला की जमीन खारट झाली, हे माझ्यासारख्या दहावी पास माणसालाही कळतं. मग नवापूर, दांडी, आलेवाडी, मुरबे, सातपाटी इथल्या पाण्याची अशी पत्रिका का नाही? माणूस कळत्या भाषेत आकडा वाचू शकतो, हे सरकारनेच शेतात सिद्ध केलंय. किनाऱ्यावर आलं की तोच माणूस अडाणी कसा काय होतो?

कोणी मोजतच नाही, असंही नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाने मोजलं, आणि २०१८ च्या यादीत आपलं तारापूर देशात पहिलं आलं, ९३.६९ गुण घेऊन. परीक्षेत एवढे गुण पडले तर पेढे वाटतात, इथे मान खाली गेली. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. निकाल आला जानेवारी २०२२ मध्ये, शंभरावर कारखान्यांवर दंड बसला. म्हणजे दर्यावर पोट असणाऱ्यांचं म्हणणं खरं होतं. पण ते खरं ठरायला सहा वर्षं लागली. सहा वर्षांत पोराची शाळा सुटून तो कंपनीत हेल्पर लागतो.

उशीर का होतो, तेही ऐका. खाडीचं पाणी थांबत नाही. घाण आज रात्री आली, तर सहा तासांत ओहोटी ती घेऊन जाते. तक्रार करा, साहेब चार दिवसांनी बाटली घेऊन येणार, तेव्हा पाणी स्वच्छ. मासा मेलेला, पुरावा वाहून गेलेला. त्या वेळी तिथे हजर कोण असतो? गावातला माणूस आणि गावातली पोरं. मोजायचं साधन मात्र त्यांच्याच हातात नाही.

आणि आपण करतो काय? सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी किनारा स्वच्छता दिन. टी-शर्ट, टोपी, बॅनर, फोटो. पोरांनी प्लास्टिक उचललं हे चांगलंच, त्यांना नावं ठेवत नाही. पण पाण्यातला प्राणवायू संपला तर तो झाडूने परत येत नाही. मासेमारीच्या पाण्यात लिटरला ४ मिलिग्रॅम तरी प्राणवायू हवा, असं सरकारचंच मानक आहे. हा एक आकडा किनाऱ्यावरच्या किती शाळांत सांगितला जातो? २०२३ साली पापलेटला राज्यमासा केलं, टाळ्या वाजल्या. पापलेट टाळ्यांवर जगत नाही, पाण्यातल्या प्राणवायूवर जगतं.

म्हणतात, लोकांना विज्ञान कळत नाही. अहो, आपल्या म्हाताऱ्यांचा आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, त्याचंच हे गणित. भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटी आहे, पण गुरुजी वर्गाबाहेर नेऊन हा आडाखा घड्याळाशी ताडून दाखवत नाहीत. शिकवणारा दर्या दाराशी आहे आणि पोरं चित्रावर शिकतायत.

माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे.

१) किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेला सामूचा कागद, थर्मामीटर, क्षार मोजायचं छोटं मीटर आणि प्राणवायू तपासायचा संच द्या. आठवड्यातून एकदा नोंद, वहीत, तारीख आणि तिथीसकट.

२) सांडपाण्याचे सरकारी आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, मराठीत. शेजारी मर्यादा किती तेही लिहा.

३) अधिकारी नमुना घेतील तेव्हा गावातला माणूस सोबत, आणि त्याच पाण्याची सीलबंद दुसरी बाटली गावाकडे.

कोणी म्हणेल, पोरांच्या वहीला कोर्टात काय किंमत? नसेल. पण साहेबांना कुठल्या रात्री बोलवायचं, ते ती वही सांगेल. वर्षभराची नोंद असली की "तुमचा भास आहे" असं कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरे म्हणतील, कारखान्यांनी पोट भरलं, त्यांच्या मागे का लागता? आमचीही पोरं बोईसरला कामाला जातात, कारखाने बंद करा असं मी म्हणत नाही. जो पाणी नीट साफ करून सोडतो, त्याला आकड्याची भीती कशाला? उलट त्याच्यावरचा आळ जाईल. आकड्याला घाबरतो तो रात्री सोडणारा.

वाढवण बंदराचं काम आता आपल्याच जिल्ह्यात आहे. दर्या पुढच्या दहा वर्षांत बदलणार. आज पाणी कसं आहे ते आज लिहून ठेवलं नाही, तर उद्या काय बिघडलं ते कशाशी ताडणार?

येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.