लाइट जायच्या आधी

गळ्याला ट्रॅकिओस्टोमीची नळी असलेलं मूल ज्यांच्या घरी आहे, त्या सगळ्यांना हात जोडून विनंती. पाऊस तोंडावर आलाय. आज जेवणं उरकली की सक्शन मशिनचा प्लग काढा आणि बॅटरीवर ते किती वेळ चालतं, घड्याळ लावून बघा. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. आमच्या मशिनने दुसऱ्याच वर्षी ११ मिनिटांत मान टाकली.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरची कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. इन्व्हर्टर तेवढा कुठला पुरायला? पायाने दाबायचा सक्शन पंप घरात हवाच. तो मिळेपर्यंत मोठ्या सिरिंजला कॅथेटर जोडून कफ कसा ओढायचा, ते डॉक्टरांकडून शिकून घ्या.

दाराच्या खुंटीला एक पिशवी अडकवा. त्याच मापाची एक नळी, अर्ध्या मापाने लहान दुसरी, फिती, कात्री, जेली, सलाइन, कॅथेटर आणि अँबू बॅग. ही पिशवी कुलपात ठेवू नका. वर ठळक अक्षरांत लिहा: ‘हे मूल गळ्यातून श्वास घेतं.’ एका गडबडीच्या रात्री आमच्या लेकीच्या नाकाला ऑक्सिजन लावला गेला होता आणि नळी तशीच उघडी!

आता खरा प्रश्न. तुमच्या घरात नळी बदलता कुणाकुणाला येते? आईला. आणि आई बाजारात गेली असेल तर? नळी तुंबली आणि सक्शनने मोकळी होत नसेल, तर ती लगेच बदलावी लागते. नेहमीची आत जाईना तर लहान मापाची. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावायचा. हे ऐन वेळी वाचून जमत नाही. माझ्या सासूबाई नर्ससमोर जुन्या बाहुलीच्या गळ्यावर शिकल्या. हात थरथरत होते. तिसऱ्या खेपेला फीत नीट बसली, आत जेमतेम एक बोट जाईल इतकी. बाबालोकांनो, तुम्हीही शिका. ‘मला रक्त बघवत नाही’ ही सबब ऐकून ऐकून कान किटले.

डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. मोबाइल धरायला तिसरा हात कुठून आणणार? एक किल्ली शेजारी द्या. आणि पलंगाच्या उशाला शिट्टी बांधा. आपलं पोर रडलं तरी त्याचा आवाज फुटत नाही, आणि शेजाऱ्यांच्या दारावरची बेल लाइटवरच चालते.